ढाका न पाहिलेला ढाकेवाला

दादा, काल नीलेशनं आणि मी तुझं कपाट रिकामं केलं. तेरावं उरकलं, पाहुणे गेले आणि घर इतकं गप्प झालं, की हाताला काहीतरी काम हवं म्हणून कपाट उघडलं. आत सगळे शर्टच. निळे, राखाडी, एक तर चक्क जांभळ्या चौकटींचा, तुला अजिबात न शोभणारा. नीलेशनं एकेकाची कॉलर उलटून मला दाखवली. सगळ्यांच्या आत तेच. मेड इन बांगलादेश.

"आत्या, बाबांनी आयुष्यात रंग बघून शर्ट घेतलाच नाही," तो म्हणाला आणि हसता हसता रडायला लागला. तुझा मुलगा कसा रडतो ते तू कधी पाहिलं नसशील. तोंड भिंतीकडे फिरवून रडतो, अगदी तुझ्यासारखा.

मला कल्याणचं ते मोठं दुकान आठवलं. तू एकेक कॉलर उलटी करून बघत होतास आणि तिथल्या पोरीला वाटलं, आजोबांना मापाचा आकडा दिसत नाही. ती मदतीला आली. तू तिला म्हणालास, "माप कुठलंबी चालंल गं, देश बरोबर पायजे." ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. तू शर्टाची शिवण अंगठ्यानं दाबून मला दाखवत होतास. "शके, मी तिथनं निघालो तवा बायांच्या अंगावर धड लुगडं नव्हतं. आता त्याच बाया जगाला कपडे घालतात."

सगळं पोशीर गाव तुला ढाकेवाला म्हणायचं. एकाहत्तरच्या लढाईहून आलास आणि नाव पडलं ते पडलंच. नीलेशच्या लग्नात मुलीकडच्यांनी विचारलं होतं, हे ढाकेवाले म्हणजे नक्की कुठले? आणि गंमत अशी, की तू ढाका कधी पाहिलंच नाहीस. "ढाका नाय बघितलं मी. नदी बघितली," एवढंच सांगायचास.

आपल्या घरातून भातशेती सोडून दुसरं काही करायला निघालेला तू पहिला. आईला न सांगता भरती झालास आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत गेलास. लढाईच्या गोष्टी तू सांगायचा नाहीस. गोळ्या, मेलेली माणसं, यातलं काही तुझ्या तोंडून मी ऐकलं नाही. ऐकलं ते लढाई संपल्यानंतरचं. बाकीचे परत फिरले आणि तुमची तुकडी मागं राहिली, कारण पळणाऱ्या फौजेनं जाता जाता पूल उडवले होते आणि पुलांशिवाय त्या देशात माणूस भाताच्या पोत्यापर्यंत पोचत नव्हता. देश नवा कोरा. टपालाची तिकिटं जुन्याच देशाची, वर नव्या नावाचा शिक्का मारलेला. मी शिकवायची त्या शाळेतल्या मुलांना तू हे सांगायचास तेव्हा त्यांना फार मजा वाटायची. जुन्या वहीवर नवं नाव घालावं तसा देश.

आणि ती म्हातारी. तिची गोष्ट तू मुलांना नाही, मला सांगितलीस.

तुम्ही काम करायचात तिथं ती रोज नदीच्या काठाशी येऊन बसायची. तिचं घर जळालेलं. मुलगा गेलेला, कुठं गेला ते तिला माहीत नव्हतं आणि तू विचारलं नाहीस. पूल जोडून झाला त्या दिवशी तिनं तुला हाक मारली. "एई पूल कार?" हा पूल कुणाचा? तेवढं बंगाली तोवर तुला कळायला लागलं होतं. तू छाती फुगवून म्हणालास, "तोमादेर." तुमचा.

"तॉबे बाडी जाओ," म्हातारी म्हणाली. मग घरी जा.

तुला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं हात करून दाखवलं, तिकडे, तुझ्या देशाकडे. तुझी आई वाट बघत असेल, आता आमचं आम्ही बघू.

"राग आला मला," तू म्हणालास. "थंडीचं पाण्यात उभं राहून पायाची सालं निघालेली आन् ही म्हणती घरी जा. मग ट्रकात बसल्यावर हसू फुटलं. शके, देश सुटला म्हंजे काय झालं, ते मला तिनं शिकवलं. ज्यानं सोडवला त्यालाबी जा म्हणता आलं पायजे."

आपलं भांडण इथूनच सुरू झालं, आणि ते तू असं अर्धं टाकून गेलास. मी तेव्हाही म्हणाले होते, आजही म्हणते, आभार मानायला काय जातं? तू मान हलवायचास. "उपकार केला म्हणून मालक होत नाय माणूस." मी म्हणायची, मालक कोण म्हणतंय, पण ओळख तरी ठेवावी. पुढं इतकी वर्षं आपण हेच दोन मुद्दे जेवणाच्या ताटावर एकमेकांकडे सरकवत राहिलो.

तू त्या देशाच्या बातम्या अशा वाचायचास, जशी सासरी गेलेल्या मुलीची खुशाली विचारावी. तिथं दुष्काळ पडला तेव्हा तू घरात भात वाया गेला की ओरडायचास. त्यांच्या नेत्याला घरात घुसून मारलं त्या दिवशी तू जेवला नाहीस; वहिनी मला सांगत होती, नुसता ओट्यावर बसून होता. मग वादळं, पूर, पुन्हा फौजेचं राज्य. तू म्हणायचास, उभं राहायला शिकताना पडायचंच. मग तिथं शिवणकामाचे कारखाने निघाले, बाया कामाला जायला लागल्या आणि तुझी शर्टांची खरेदी सुरू झाली.

त्यांच्या भाषेसाठी मेलेल्या पोरांचा दिवस साऱ्या जगानं मातृभाषेचा दिवस म्हणून मानला, तेव्हा तू पळसदरीच्या वरच्या अंगाला असलेल्या माझ्या ठाकूरवाडीच्या शाळेत आलास. मुलांपुढं उभं राहून म्हणालास, "तुमी घरी जे बोलता ना, त्याच्यापायी एक आख्खा देश झालाय बरं का." ती मुलं घरी ठाकरी बोलणारी, शाळेत माझी पुस्तकी मराठी ऐकून गप्प होणारी. त्या दिवशी मात्र एकमेकांकडे बघून हसली. पण तुला सगळ्यांत जास्त अभिमान होता तो त्यांच्या सैनिकांचा. निळ्या टोप्या घालून ते परक्या देशांत शांतता राखायला जातात, हे तू वाचलंस आणि मला फोन केलास. "ज्यांच्यासाठी दुसऱ्याची फौज गेली, त्यांची फौज आता दुसऱ्यांसाठी जाती. आता झाला खरा देश."

आणि ते पेढे. वर्ल्ड कपात त्यांनी आपल्याला हरवलं तेव्हा सगळं गाव तोंड पाडून बसलं होतं, आणि तू नेरळहून पेढे आणलेस. शेजारचा केशव तुझ्या अंगावर धावून आला. "फौजी माणूस ना रं तू? लाज हाय का काय?"

"हारलो त्याचं वाईट मलाबी वाटतंय," तू म्हणालास. "पण पोर पयल्यांदा बापाच्या पुढं पळाली, तर बाप पेढे नाय वाटणार?"

मी तिथंच उभी होते. मी म्हटलं, "एकीकडे मालकी नको म्हणतोस आणि दुसरीकडे बाप म्हणवून घेतोस. कुठलं तरी एक ठरव." तो मुद्दा मी जिंकले होते, दादा. तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस. पण त्यानंतर तू स्वतःला त्यांचा बाप कधी म्हणाला नाहीस, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मीही तुला कमी छळलं नाही. माझ्या वाडीच्या ओढ्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात ओढा भरला की वाडी तुटायची. बाळंतपणाला अडलेली बाई झोळीत घालून चार माणसं पाण्यातून उतरवायची. एकदा मी चिडून म्हणाले, "परक्या देशात जाऊन पूल बांधलेस. इथं तुझ्या बहिणीच्या शाळेपुढं साधा साकव नाही. कसलं स्वातंत्र्य शिकवू मी या मुलांना?" उन्हाळ्यात आलास, फौजेनंतर तू कामाला होतास त्या खोपोलीच्या कारखान्यातले दोन जुने दोस्त घेऊन. भंगारातलं लोखंड मिळवलंत, वाडीतली माणसं लागली, बायांनी दगड वाहिले, आणि माणूस झोळी घेऊन चालू शकेल एवढा साकव उभा राहिला. गावच्या पुढाऱ्यांना तिथं तुझ्या नावाचा फलक लावायचा होता. तू त्यांच्यावर असा भडकलास की ते परत फिरकले नाहीत. घरी येताना मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली देशाला, आणि अजून हे आपणच करायचं?" तू म्हणालास, "आपलाच देश अजून लहान हाय, शके. मी त्याच्याहून थोडाच धाकटा. माझी तरी अक्कल कुठं पुरी झाली?"

हे सगळं लिहिताना बरं वाटतं. पुढचं लिहायला नको वाटतं.

गेल्या वर्षी तिकडं पोरांनी सरकार उलथवलं. पुतळे पाडले. घरं जाळल्याच्या, देवळं फोडल्याच्या बातम्या आल्या. तू टीव्हीसमोरून उठेनास. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तू शेलूला घर बांधलंस, मागं भाड्याच्या खोल्या काढल्यास. तिथल्या स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी बसायचास. तिथली माणसं आता तुला बघितलं की म्हणायची, "काय ढाकेवाले, बघा तुमच्या लेकीचे प्रताप." आधी तू उत्तर द्यायचास. मग हसून सोडायचास. मग तू टपरीवर जाणंच सोडलंस.

मी कर्जतहून आले होते तेव्हा. तू म्हणालास, "पोरांनी सरकार पाडलं, त्याचं मला काय नाय. त्यांचं सरकार, ते बघतील. पण गरिबाची घरं कशाला जाळायची? त्यानं काय केलं?" मग विचारलंस, "मी कुणासाठी उभा होतो गं त्या पाण्यात?"

इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून असलं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. भांडणात जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं मला. भीती वाटली. मी उठून चहा ठेवला.

त्याच दिवसांत तुझ्या मागच्या खोलीत रहीम आणि मोमेना राहत होते. शेलूला हे जे उंच टॉवर उठताहेत, त्यांत तो फरशी बसवायचा. बंगालचे, मुर्शिदाबादकडचे. ते बोलताना तू ऐकलंस आणि भाडं ठरवायच्या आधी त्यांना चहा दिलास. तुझं बंगाली म्हणजे दोर, फळी, पाणी, भात आणि लवकर करा. मोमेना पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, काका आम्हाला कामावर घेतल्यासारखे बोलतात. तिनं तुला नवे शब्द शिकवले. नेरळच्या बाजारातून नदीतला मासा आणला की एक वाटी तुझ्याकडे यायची. वहिनी गेल्यापासून तुझ्या स्वयंपाकघरात एवढं हसणं मी ऐकलं नव्हतं.

मग एके दिवशी साइटवरून काही माणसं उचलून चौकीत नेली. बांगलादेशी असल्याचा संशय. त्यांत रहीम होता. मी त्या दिवशी तुझ्याकडेच होते. मोमेना दारात येऊन उभी राहिली, चपला न घालता आलेली. तू शर्ट चढवायला लागलास आणि मी तुला अडवलं. "दादा, खोली तुझ्या नावावर आहे. नीलेश ड्यूटीवर आहे. या वयात ही भानगड नको." तू म्हणालास, "तू येणार का रिक्षा बोलवू एकट्यासाठी?"

मी आले.

चौकीतला साहेब तरुण होता, तुझ्याशी आदबीनं बोलला. खुर्ची दिली. "आजोबा, तुम्ही फौजी. तुम्ही तिकडं राहून आलाय, मला सांगितलं लोकांनी. याच्याकडे आधार कार्ड आहे, पण आम्हाला पडताळावं लागतं. गावाकडून कागद मागवलेत, त्याला वेळ लागेल. तुम्हाला बोली कळते. जरा बोलून बघा आणि सांगा, हा इकडचा का तिकडचा. तुमच्या शब्दाला आम्ही मान देऊ."

रहीम बाकावर बसला होता. त्याच्या नखांत अजून पांढरं सिमेंट होतं. तू त्याच्या शेजारी जाऊन बसलास, समोर नाही. तुम्ही दोघं हळू बोलत राहिलात. मला एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच त्यानं मान खाली घातली आणि तू त्याच्या पाठीवर हात ठेवलास. मग गुडघ्यावर जोर देऊन उठलास आणि साहेबापुढं येऊन उभा राहिलास, फौजेत उभं राहावं तसा.

"कळली का बोली?" साहेबानं विचारलं.

"कळली."

"मग? तिकडचा?"

"साहेब, कागद येऊ द्या. कागद बघून काय ते करा, कायद्यानं होईल ते होईल. पण बोलीवरनं मी सांगणार नाय."

"म्हणजे तुम्हाला ओळखता येत नाही?"

"येतं का नाय, तेबी नाय सांगणार." तुझा आवाज चढला नव्हता. "एक देश आपल्या बोलीसाठी उभा राहताना मी बघितलाय. ती बोली मी तिथल्या माणसांकडनं शिकलो. तिच्यावरनंच माणूस धरून द्यायला मी नाय येणार. आन् उद्या माझ्या या हाय-नायवरनं मला कुणी पुण्या-मुंबईत उभं करून विचारलं, तू कुठला रं? तर?"

साहेब कसनुसा हसला. "आजोबा, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय." पण त्यानं तुला पुन्हा विचारलं नाही. बाहेर आलो तेव्हा मी तुझा हात धरला, तो तुला आधार म्हणून नाही, तर मला धरायला काहीतरी हवं होतं म्हणून. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता, दादा. हे तुला मी तेव्हा सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर तू म्हणशील, हारलीस ना?

उलट रिक्षात बसल्याबरोबर मी भांडायला लागले. "काय बोललात तुम्ही दोघं?"

"घरचं."

"कुठल्या घरचं? आणि खरंच तिकडचा निघाला तर?"

"तर कायदा हाय. त्याला माझं तोंड कशाला पायजे?"

"देशाला सीमा असते दादा. तूच तिच्यावर उभा होतास."

"व्हय, होतो उभा," तू म्हणालास. "म्हणून तर." आणि पुढं बोललाच नाहीस. रिक्षा फाटकाशी थांबली, मालगाडी जात होती, तिच्या आवाजात मी दोनदा विचारलं, म्हणून तर काय? तू माथेरानच्या डोंगराकडे बघत बसलास. ते वाक्य तू पुरं केलं नाहीस. आता मी रोज वेगळं करून पुरं करते आणि एकही मला तुझं वाटत नाही.

कागद आले. शाळेचा दाखला, वडलांच्या जमिनीचा उतारा, सगळं गावाकडून त्याच्या भावानं आणलं. रहीम इकडचाच होता. त्याला सोडलं. मला वाटलं, संपलं. पण शेजारच्या चाळीतल्या माणसांनी तोवर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. नळावर मोमेना आली की बाया हंडे उचलून बाजूला होत होत्या. ठेकेदारानं दुसरा माणूस लावला होता. एका सकाळी दोघं बोचकी बांधून तुझ्या दारात उभे राहिले. तू म्हणालास, "कागद आलं ना? आता कशाला जाताय?"

रहीम हिंदीत म्हणाला, "काका, आपने बहुत किया. अब जहाँ जाएँगे, वहाँ कम बोलेंगे."

मोमेना रडली. तू रडला नाहीस. ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तू पायरीवर उभा होतास, मग आत येऊन कॉटवर बसलास. मी तिथं होते, म्हणून मला ठाऊक. तू म्हणालास, "तिकडच्या पोरांनी बोलायला मिळावं म्हणून छातीवर गोळ्या घेतल्या. हा आपल्या देशातला. कागद हाय, जमीन हाय, बाप हाय. आन् म्हणतो, कमी बोलीन."

त्यानंतर तू जेवायचा कमी झालास. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं, झडपा, पाणी. त्यांचं खरं असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वाद घालायला मला तू लागायचास.

कर्जतच्या दवाखान्यात त्या दुपारी तू डोळे उघडलेस. मला वाटलं, आता काहीतरी सांगशील. रिक्षातलं, किंवा चौकीतलं, किंवा नीलेशसाठी काही. तू विचारलंस, "तिकडं निवडणूक कधी हाय गं?"

"येतेय म्हणतात."

"होऊ दे नीट," तू म्हणालास.

एवढंच. ज्यांनी तुला ओळखलंसुद्धा नाही, त्यांच्यासाठी तू हे म्हणालास, आणि माझ्यासाठी काहीच नाही. मला राग आला होता, दादा. अजून आहे. आणि त्याच वेळी वाटतं, एवढं मोठं मन माझ्या घरात, पोशीरच्या त्या मातीच्या चुलीपुढं वाढलं, माझ्या ताटातलं भाकरीचं कडं पळवत वाढलं, हे काही कमी नाही. आभार मानायला काय जातं, असं मी आयुष्यभर एका देशाला विचारत आले. तुझे मी कधी मानले नव्हते. आता मानते. साकवासाठी मानते, पेढ्यांसाठी मानते, आणि चौकीत तू माझ्या देखत जे बोललास त्यासाठी मानते. पण भांडण मिटलं असं समजू नकोस. सीमा असते, आणि ती कुणीतरी राखावी लागते, असं मला अजून वाटतं. ती राखताना मोमेना अनवाणी आली, हेही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोन्ही एका वेळी कसं धरायचं, ते तुला येत होतं का? की तुलाही येत नव्हतं, म्हणूनच ते वाक्य तोडलंस?

आज सकाळी खोली बघायला एक जोडपं आलं. नीलेशनं मला बोलावलं. "आत्या, बाबांची मागची खोली द्यायची का? तुम्ही सांगाल तसं." दारात एक पोरगेला माणूस उभा होता, मागं त्याची बायको, तिच्या कडेवर झोपलेलं मूल. अंगावर साइटची धूळ. मी नुसतं विचारलं, "नाव काय रे तुझं?"

त्यानं नाव सांगितलं नाही. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं, खाली बघत.

ते मी हातात घेतलं नाही, असं तुला सांगायला मला आवडलं असतं. घेतलं. चष्मा लावून वाचलं, उलटून मागचा पत्ताही वाचला. मग परत दिलं आणि नीलेशला म्हटलं, खोली दे. ती बाई आत गेली, माणूस सामान आणायला पळाला, आणि मी तिथंच पायरीवर बसून राहिले. कार्डावर त्याचं नाव होतं, मी ते वाचलं होतं, आणि तरी मला आठवेना. मी उठले आणि आत जाऊन त्याच्या बायकोला पुन्हा नाव विचारलं. तिनं घाबरून बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि नवऱ्याचं नाही, स्वतःचं नाव सांगितलं. हळू. मी म्हटलं, "जरा मोठ्यानं सांग बाई, मला ऐकू आलं नाही."